आयुकाचा उन्हाळी आठवडा आणि विद्यापीठांतली बाकीची शिबिरं

मुलाला किंवा मुलीला उन्हाळ्यात विद्यापीठाच्या आवारातल्या एखाद्या दिवसभराच्या शिबिराला घालायचा विचार असेल, तर आधी पुण्याच्या आयुकामधला शालेय उन्हाळी उपक्रम कसा चालतो ते समजून घ्या. तिथे नंबर लागो न लागो, तो आठवडा ही चांगली मोजपट्टी आहे. बाकीची शिबिरं तिच्यावर ठेवून बघितली की पैसे कुठे भरायचे आणि कुठे नाही, हे लवकर कळतं.

आयुका म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र. ते 1988 साली सुरू झालं, गणेशखिंडीत, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात. जयंत नारळीकर संस्थापक संचालक. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना ते सांगत की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर देईन आणि त्याखाली सही करीन. उन्हाळी उपक्रमाचा स्वभावही हाच आहे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून दर एप्रिल-मेमध्ये तो होतो. पुण्यातल्या शाळा आपली मोजकी मुलं निवडून पाठवतात. दर आठवड्याला साधारण तीस जणांची नवी तुकडी येते. सोमवारी मुलं छोट्या गटांत एकेका मार्गदर्शकाकडे जातात आणि शुक्रवारपर्यंत त्याच्याबरोबरच काम करतात. ठरलेला अभ्यासक्रम नाही. मार्गदर्शक आणि गट मिळून विषय ठरवतात, आठवडाभर त्याच्यामागे लागतात आणि शेवटी काय केलं ते लिहून सांगतात.

अभ्यासक्रम नाही म्हटल्यावर काही पालक बिचकतात. पण याच गोष्टीमुळे आठवडा पाच दिवस पुरतो. छापील वेळापत्रकाच्या शिबिरात सोमवारी चुंबक, मंगळवारी भिंगं, बुधवारी रॉकेट असं चालतं आणि मुलाला मंगळवारी जी शंका आली ती बुधवारी रॉकेटखाली चिरडली जाते. एका विषयावर पाच दिवस दिले तर दुसऱ्या दिवशीची चूक तिसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते, आणि शिकणं तिथे होतं.

हे वरवरचं वाटू नये म्हणून एकच प्रकल्प जवळून बघू. अशा आठवड्याला अगदी शोभेल असा आणि खर्च जवळजवळ शून्य असलेला. प्रश्न एवढाच: सूर्य केवढा आहे?

साहित्य: पाचेक सेंटीमीटरचा साधा चपटा आरसा, त्यावर चिकटवायला काळा कार्डशीट, त्यात 1 सेंटीमीटरचं चौकोनी भोक. आरसा चिकटवायला वाळू भरलेला प्लास्टिकचा चेंडू आणि चेंडू बसवायला चिकटपट्टीची रिकामी रिंग. चेंडू रिंगवर हवा तसा फिरतो आणि सोडला की तिथेच राहतो, त्यामुळे स्टँड लागत नाही. आरसा उन्हात ठेवायचा आणि कवडसा दारातून अंधाऱ्या वर्गात, लांबच्या भिंतीवर टाकायचा. आरशापासून भिंतीपर्यंत 20 मीटर अंतर मिळालं तर उत्तम.

अर्ध्या मीटरवर कागद धरला तर कवडसा चौकोनी दिसतो. दोन मीटरवर कोपरे विरघळतात. 20 मीटरवर भोक चौकोनी असूनही भिंतीवर स्वच्छ गोल पडतो. हा गोल म्हणजे सूर्याची प्रतिमा, हे मुलांना सांगायची घाई करायची नसते. भोक त्रिकोणी करून बघा म्हणायचं, मग गोलच आला की गट आपोआप भांडायला लागतो.

गोलाची कड थोडी धूसर असते. बाहेरच्या कडेपर्यंत मोजला तर सुमारे 19.4 सेंटीमीटर भरतो. त्यातून भोकाचा 1 सेंटीमीटर वजा केला की 18.4 राहतात. 2000 सेंटीमीटरला 18.4 ने भागा, उत्तर साधारण 109. म्हणजे सूर्य स्वतःच्या व्यासाच्या 109 पट लांब आहे. अंतर 15 कोटी किलोमीटर धरलं तर व्यास 13.8 लाख किलोमीटरच्या आसपास येतो. खरा आकडा सुमारे 13.9 लाख. 13 ते 15 लाखांच्या आत उत्तर आलं तर टेप आणि डोळे नीट वापरले असं समजायचं.

बिघडतं कुठे? पहिलं, वेळ. पुण्यात मेमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा कवडसा आडवा फेकायला आरसा फार कलवावा लागतो आणि भोकाचा आकार दबतो. म्हणून सकाळी आठ ते दहा. दुपारी चारनंतरही चालेल, पण मेमध्ये तेव्हा वळवाचे ढग येतात. दुसरं, भिंत कवडशाला काटकोनात नसेल तर गोलाचा अंडाकार होतो. मग लांबट बाजू मोजली की उत्तर फुगतं. अशा वेळी पुठ्ठ्यावर पांढरा कागद लावून पुठ्ठाच फिरवायचा. तिसरं, अंधार. 18 सेंटीमीटरच्या गोलात प्रकाश पसरून फिका होतो, खिडक्यांना काळे कागद लावले नाहीत तर दिसतच नाही.

आणि आता खरी गंमत. गोल स्थिर राहत नाही, सरकतो. स्वतःच्या रुंदीएवढा सरकायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर मोजायचं. आकाशात सूर्याची रुंदी साधारण 0.53 अंश, म्हणजे पूर्ण फेरीत असे सुमारे 680 सूर्य मावतात. त्या वेळेला 680 ने गुणलं की दिवसाचे 24 तास यायला हवेत. मार्चच्या विषुवदिनाजवळ मोजलं तर 2 मिनिटं 7 सेकंद मिळतात आणि 24 तास बरोबर येतात. पण मेच्या मध्यावर मुलांना 2 मिनिटं 14 सेकंदांच्या आसपास मिळतात. गुणाकार केला की दिवस सव्वापंचवीस तासांचा होतो.

मार्गदर्शकाची परीक्षा या क्षणी होते. «प्रयोगात थोडी चूक चालतेच» असं म्हणून जो पुढे सरकतो, त्याच्या शिबिराला पैसे देऊ नका. चांगला मार्गदर्शक म्हणतो, पाच वेळा मोजा. धूसर कडेमुळे एकेका मोजणीत पाच सेकंद इकडे-तिकडे होतात, पण पाचांची सरासरी पुन्हा 2:14 च आली तर चूक हाताची नाही. मग ग्लोब आणायचा आणि विचारायचं, विषुववृत्तावरचं गाव मोठ्या वर्तुळात फिरतं की मुंबईचं? मेच्या मध्यावर सूर्य खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीचं विषुववृत्त आकाशापर्यंत ताणलं तर होईल त्या वर्तुळाच्या) 18-19 अंश उत्तरेला असतो, त्याचं रोजचं वर्तुळ लहान होतं, म्हणून तो आकाशात जरा संथ सरकतो. आठवीतल्या मुलीला हे स्वतःच्या त्या जास्तीच्या 7 सेकंदांतून सापडलं तर ती आयुष्यात विसरत नाही.

मे महिन्यात पुण्यात शिबिर असेल तर शून्य सावलीचा दिवस चुकवणं अक्षम्य आहे. पुण्याचं अक्षांश साधारण 18.5 अंश, त्यामुळे 13 मेच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. वेळ 12 वाजून 31 मिनिटं. पुष्कळ ठिकाणी मुलांना बारा वाजता उन्हात उभं करतात, सावली काही जात नाही आणि मुलं कंटाळून सावलीत पळतात. आपलं घड्याळ 82.5 पूर्व रेखांशावर चालतं, पुणे 73.85 वर आहे. प्रत्येक अंशाला 4 मिनिटं धरली की 34-35 मिनिटांचा फरक, आणि त्या दिवसांत सूर्य घड्याळापेक्षा पावणेचार मिनिटं पुढे असतो. टेबल पाणसळीने सपाट करून घ्यायचं. एक अंशाचा कल असेल तर 10 सेंटीमीटरच्या नळीला पावणेदोन मिलिमीटर सावली उरतेच.

छायाघड्याळाचीही तीच गोष्ट. इंटरनेटवरून उतरवलेला नमुना बहुतेक वेळा युरोप-अमेरिकेच्या अक्षांशाचा असतो. पुण्यासाठी काटा आडव्या पातळीशी 18.5 अंशांत हवा, आणि माध्यान्हरेषेपासून तासांच्या रेषा 4.9, 10.4, 17.6, 28.8, 49.8 आणि 90 अंशांवर. शिबिरात सगळ्या मुलांना 15-15 अंशांवर रेषा मारायला लावल्या असतील, तर शिकवणाऱ्याने ते घड्याळ कधी उन्हात ठेवून बघितलेलं नाही एवढं नक्की समजा.

आयुकाच्या आवारातली मुक्तांगण विज्ञान शोधिका मुलांसाठीच बांधलेली आहे. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून ती उभी राहिली. इमारतीचं नाव पुलस्त्य, सप्तर्षींपैकी एक. अरविंद गुप्ता इथे 2003 पासून दहाएक वर्षं काम करत होते. सायकलच्या वॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या यांच्यापासूनची त्यांची रचना आजही कुठल्याही शिबिराचा पहिला तास म्हणून उत्तम. ट्यूबचा दीड सेंटीमीटरचा तुकडा, दोन्ही बाजूंनी एकेक काडी. त्रिकोण ढकलला तर हलत नाही, चौकोन लगेच तिरपा होतो. पुलाच्या कैच्यांत त्रिकोण का असतात हे सांगावं लागत नाही. काड्यांची गुलाची टोकं आधी खरवडून टाकायची, आणि ट्यूब वॉल्व्हचीच हवी. सलाईनची नळी घेतली तर काडी सैल बसते आणि सगळी रचना गळून पडते. पद्मश्री मिळालेल्या या माणसाने आपली खेळणी, चित्रफिती आणि पुस्तकं सगळ्यांना फुकट खुली ठेवली आहेत, मराठीतही. त्यामुळे «आमची खास किट» म्हणून याच वस्तूंचे वेगळे पैसे कोणी लावत असेल तर विचारा की त्यात खास काय आहे.

आयुकाच्या उपक्रमाची मर्यादा सरळ आहे. जागा थोड्या आणि नाव शाळेतून जातं. शाळेने पत्राकडे लक्ष दिलं नाही तर मूल कितीही उत्सुक असलं तरी बाहेरच. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच विज्ञानाच्या बाईंना किंवा सरांना भेटून आठवण करा. तारखाही बघून घ्या. राज्य मंडळाच्या शाळांच्या परीक्षा एप्रिलमध्ये लांबतात आणि केंद्रीय मंडळाच्या कित्येक शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं, तेव्हा एप्रिलच्या तुकडीत नाव लागलं तर शाळेशी टक्कर होऊ शकते. मे सगळ्यांना सोयीचा.

आता पैसे घेणारी शिबिरं. खासगी विद्यापीठांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी गेल्या काही वर्षांत ही मोठ्या प्रमाणावर सुरू केली आहेत. प्रयोगशाळा मोकळ्या असतात, जागा गार असते, मुलाला कॉलेज आतून बघायला मिळतं. हे सगळं चांगलंच आहे. सगळ्यांत जास्त खपतं रोबोटिक्स, म्हणून त्याच्यावर थोडं थांबू.

पाच दिवसांच्या रोबोटिक्समध्ये पहिला प्रश्न विचारा: एका किटवर किती मुलं? दोन ठीक. तीन झाली की तिसरं बघतं. चार झाली तर दोघांची फी चित्रपट बघण्यासाठी भरल्यासारखी. दुसरा प्रश्न: मोटरींना वीज कुठून देता? ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण शिबिराची तयारी यात उघडी पडते. स्वस्त किटमध्ये चौकोनी 9 व्होल्टची बॅटरी असते. ती दिव्याला किंवा गजराला पुरते, मोटरीला नाही. तिचा आतला रोध जास्त असतो. दोन मोटरी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज कोसळतं, आर्डुइनो (गाडीचा प्रोग्रॅम चालवणारं छोटं सर्किट) बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि गाडी जागच्या जागी उचक्या देते. मूल प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतं, चूक तिथे नसतेच. त्यात मोटरींना वीज सोडणारा एल-298-एन ड्रायव्हर स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. उपाय ठाऊक असलेला: मोटरींना वेगळे लिथियमचे दोन सेल किंवा चांगले सहा पेन्सिल सेल, आर्डुइनोला वेगळी वीज, आणि दोघांची ऋण तार एकमेकांना जोडलेली. ही शेवटची तार विसरली की ड्रायव्हरला सूचनाच पोचत नाहीत.

रेषेवरून चालणारी गाडी प्रयोगशाळेत छान पळते आणि पालकांसमोर प्रात्यक्षिकात फसते, कारण प्रात्यक्षिक काचेच्या मोठ्या खिडकीजवळ ठेवलेलं असतं. सेन्सर अवरक्त प्रकाशावर चालतो, उन्हात तोच प्रकाश भरपूर असतो, काळी रेषाही त्याला पांढरी दिसते. पडदे ओढा, सेन्सर जमिनीपासून सेंटीमीटरभर अंतरावर आणा, काळं कशाला म्हणायचं आणि पांढरं कशाला, ही सेन्सरची मर्यादा तिथल्या उजेडात पुन्हा बसवा. हे मुलांना करू देणारं शिबिर चांगलं. जिथे आदल्या संध्याकाळी सर स्वतःच सगळ्या गाड्या दुरुस्त करून ठेवतात तिथे मुलांनी पाच दिवस काय केलं हा प्रश्न उरतो.

सोल्डरिंग असेल तर एका मोठ्या माणसामागे पाच-सहापेक्षा जास्त मुलं नकोत. टोक साडेतीनशे अंशांच्या आसपास तापतं. चष्मे हवेत, धूर बाहेर नेणारा पंखा हवा, आणि शिसं असलेलं सोल्डर वापरत असतील तर डब्याआधी साबणाने हात धुणं सक्तीचं हवं. हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं, पण विचारल्यावर उत्तर किती पटकन येतं त्यावरून बरंच समजतं.

त्रिमितीय छपाईच्या यंत्राचा फोटो माहितीपत्रकात असतोच. साधी की-चेन छापायला अर्धा तास जातो. यंत्र एक आणि मुलं वीस असतील तर दहा तास नुसते छपाईतच. रात्री यंत्र चालू ठेवणार का, की प्रत्येकाला फक्त बघायला मिळणार, हे विचारून घ्या.

कृत्रिम बुद्धिमत्ता एका आठवड्यात, ही अकरावी-बारावीच्या मुलांसाठीची नवी टूम. तयार मॉडेलला पन्नास फोटो दाखवून मांजर-कुत्रा ओळखायला लावणं हे एका सकाळचं काम आहे. उरलेले चार दिवस मुलांनी स्वतः माहिती गोळा करणं, ती स्वच्छ करणं, मॉडेल कुठे फसतं ते शोधणं यात गेले तर घाला. माहितीपत्रकात फक्त साधनांची नावं असतील तर सोडून द्या.

भाषेचं भान फार थोड्या शिबिरांना असतं, आणि याची हळहळ वाटते. मराठी माध्यमातलं मूल इंग्रजी बोलणाऱ्या गटात पहिले दोन दिवस गप्प बसतं आणि तिसऱ्या दिवशी सगळे त्याला गप्पच धरतात. मराठीत प्रश्न विचारला तर मराठीत उत्तर देणारा एक तरी माणूस प्रत्येक गटाजवळ आहे का, हे स्पष्ट विचारा.

जेवण आणि ऊन. दहा ते चारचं शिबिर असेल तर डबा घरचाच द्या. दही-भात टाळा, चार तासांत आंबतो. पोळीभाजी, काकडी, एखादं फळ. पाणी दीड लिटर. मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशी गाठतो, तेव्हा मैदानावरचं काम साडेदहाच्या आत संपायला हवं. विद्यापीठाचं आवार 411 एकरांचं आहे. मुख्य दरवाजाशी मुलाला सोडून निघून गेलात तर आतल्या विभागापर्यंत उन्हात बरंच चालावं लागतं. पहिल्या दिवशी इमारतीच्या दारापर्यंत जा आणि परतीच्या वेळी मुलाला कोण, कुठल्या यादीवर सही घेऊन सोडतं ते डोळ्यांनी बघा. विद्यापीठ चौकातली कोंडी लक्षात घेऊन संध्याकाळी वीस मिनिटं जास्तीची धरा, नाहीतर मूल एकटं दारात उभं राहतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाला विचारा: आज काय बिघडलं? काहीच बिघडलं नाही असं उत्तर आलं तर काम कोणीतरी दुसऱ्यानेच केलं आहे. मार्गदर्शकाशी तिसऱ्या दिवशी सकाळीच बोला, शुक्रवारी बोलून उपयोग नाही.

नंबर लागला नाही तर आयुकात शाळकरी मुलांसाठी महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी प्रात्यक्षिकांसह व्याख्यानं होतात, आणि 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनी आवार सगळ्यांना खुलं असतं. आरसा-चेंडूचा प्रयोग तर घरच्या जिन्यातही होतो. 20 मीटर मिळत नसतील तर 10 घ्या, प्रतिमा 9.2 सेंटीमीटरची येईल. भोक तेव्हा अर्ध्या सेंटीमीटरचं करा, नाहीतर कड फार धूसर होते. कवडसा कोणाच्या डोळ्यांवर जाणार नाही अशा उंचीवर टाका आणि आरशात वाकून बघायचं नाही, हे आधीच बजावा.